स्क्रॅपबुकचं सामान: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

लग्नसराई आटोपली, मुलांना सुट्टी लागली की इथे हमखास विचारणा होते: स्क्रॅपबुक करायला घेतेय, काय काय आणू? मग प्रतिसादांत दुकानांची नावं आणि लिंका यांचा पाऊस पडतो. सामान येतं, कपाटात बसतं आणि फोटो तसेच मोबाइलमध्ये राहतात. म्हणून दुकानात जायच्या आधीच्या गोष्टींसाठी हा वेगळा धागा काढतेय.

माझं म्हणणं थोडक्यात असं: फोटोला जे प्रत्यक्ष टेकतं त्यावर पैसे घाला. फोटोपासून लांब राहतं ते स्वस्तातलं, घरातलं, उरलंसुरलं काहीही चालतं. आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं. टिकल्या, थ्रीडी स्टिकर, कुंदन यांवर भरपूर खर्च होतो आणि खालचा कागद मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातला मिळेल तो. दहा-पंधरा वर्षांनी टिकल्या चमकत असतात, फोटो पिवळा पडलेला असतो.

फोटोला टेकतं काय काय? खालचा कागद, चिकटवायचा पदार्थ, वरचं प्लास्टिक आणि शेजारी लिहिलेली शाई. एवढंच.

आधी कागद. वर्तमानपत्र चार दिवस उन्हात राहिलं की कसं तांबूस पडतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन न काढता बनवतात. हवा आणि उजेड लागला की लिग्निनचा रंग बदलतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या वस्तूतही उतरतं. म्हणून कागदाच्या पाकिटावर ‘ॲसिड-फ्री’ (आम्ल नसलेला) आणि ‘लिग्निन-फ्री’ हे दोन्ही शब्द शोधा. नुसतं ‘आर्काइव्हल’ किंवा ‘फोटो-सेफ’ लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका, हे शब्द कुणीही छापू शकतं. पक्कं काही हवं असेल तर कागदासाठी आयएसओ ९७०६ हे मानक आहे. त्यात कागदाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ७.५ ते १० च्या दरम्यान असावा लागतो आणि पुढे हवेतून येणारं आम्ल शोषून घेता यावं म्हणून कमीत कमी २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा कागदात असावा लागतो. अशा कागदाची खूण म्हणजे वर्तुळातलं अनंताचं चिन्ह. कागद, गोंद, प्लास्टिक यांचा फोटोवर वाईट परिणाम होतो का हे तपासणारं मानक वेगळं, आयएसओ १८९१६. भारतातल्या दुकानात हे आकडे क्वचितच दिसतात, पण ऑनलाइन घेताना वर्णनात शोधायला हरकत नाही.

जाडी २०० ते २५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे. ३०० चे कागद हातात छान वाटतात, पण अल्बम फुगतो आणि रिंगा बंद होत नाहीत. रंगीत कार्डशीट घेताना एक तुकडा फाडून बघा. आत पांढरं दिसलं तर रंग वरवरचा आहे, कापलेल्या कडेला ती पांढरी रेघ दिसत राहते.

आता आकार. परदेशी व्हिडिओंत सगळं १२ बाय १२ इंचाचं असतं. दिसायला फार देखणं, पण त्या मापाचा अल्बम, त्याची जादा पानं, त्याची प्लास्टिकची पाकिटं, ते कापायचं कटर, सगळं आपल्याकडे आयातीचं आणि महाग. पहिला अल्बम ए४ मध्ये करा असं मी आग्रहाने सांगेन. कागद गावोगावी मिळतो, पाकिटं मिळतात, रिंगची फाइल मिळते, आणि तीन वर्षांनी अजून दहा पानं घालावीशी वाटली तर तेच माप पुन्हा मिळतं.

आणि खरेदीला निघायच्या आधी फोटो छापून घ्या. हे सर्वांत महत्त्वाचं. ए४ च्या पानावर ४ बाय ६ चे दोन फोटो बसतात आणि चार ओळी लिहायला जागा राहते. चाळीस फोटो म्हणजे वीस पानं, दोन्ही बाजू वापरल्या तर दहा कागद. खराब होतील म्हणून तीन जास्त धरा. यादी तयार झाली! फोटो समोर पसरले की रंगही आपोआप ठरतात. हिरव्यागार भातशेतीतल्या फोटोंना जांभळं चमकीचं पॅड (छापील कागदांचा गठ्ठा) लागत नाही, हे दुकानात उभं राहून कळत नाही.

---

कैरीचं_पन्हं

फारच गरजेचा धागा, धन्यवाद. गोंदाचं सांगा ना ताई. मी आजवर फेविकॉलच वापरत आले. कागद चुरगळल्यासारखा होतो, पण चिकटतो मात्र घट्ट.

---

रानजाई

@कैरीचं_पन्हं, घट्ट चिकटतो हीच तर अडचण. फोटो पुन्हा काढायची वेळ कधी ना कधी येते: कुणाला प्रत पाहिजे असते, पान खराब होतं, अल्बम बदलायचा असतो. शिवाय पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्याने कागद फुगतो आणि वाळताना आक्रसतो. कागदावर कागद लावायला, लेस किंवा कापड लावायला तो उत्तम. फोटोला नको.

फोटोसाठी सगळ्यांत चांगले कोपरे, आजीच्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये असायचे तसे. फोटोला गोंद लागतच नाही. तयार मिळतात, आणि नाही मिळाले तर ॲसिड-फ्री कागदाची साधारण इंचभर रुंदीची पट्टी घेऊन दोन्ही बाजू मधल्या बिंदूकडे तिरक्या दुमडा, झाला त्रिकोणी खिसा. त्याच्या पाठीला गोंद लावायचा. कोपरे नको असतील तर ॲसिड-फ्री डबल टेप.

साधी चिकटपट्टी मात्र कुठेच नको. जुन्या पत्रांवर, दाखल्यांवर लावलेली चिकटपट्टी आठवा. प्लास्टिक गळून पडतं आणि खाली तपकिरी डाग कायमचा राहतो. रबर सोल्युशनही नको, त्यातलं गंधक जुन्या कृष्णधवल फोटोंतल्या चांदीला बाधतं.

वॉशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी) सजावटीपुरतीच घ्या. ती सुटून यावी म्हणूनच हलक्या गोंदाची बनवलेली असते. वर्षभरात टोकं उचलली जातात.

---

सुरंगी

मैद्याची खळ चालेल का? आमच्याकडे आजोबा सगळ्या वह्या खळीनेच बांधायचे.

रत्नागिरीची असल्यामुळे एक भर घालते. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने कपाटातल्या चपलासुद्धा हिरव्या होतात. इथल्या लोकांनी धातूच्या पिना, ब्रॅड (मागे पाय दुमडायच्या शोभेच्या पिना), छोटी कुलुपं-किल्ल्या यांवर एक रुपयाही घालू नये. गंज चढतो आणि पानावर गोल डाग उमटतो. तेच सुकवलेल्या फुलांचं. पूर्ण सुकलेली वाटतात, पण जुलैत बुरशी तिथूनच सुरू होते. त्याच पैशात ओल शोषणारं सिलिका जेल घ्या. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून सुकवायचे, पुन्हा निळे होतात. आणि अल्बम भिंतीला टेकून ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला तर नाहीच.

---

रानजाई

सुरंगी, उत्तम माहिती. खळीबद्दल: संग्रहालयांत कागद दुरुस्त करणारे लोक गव्हाचीच खळ वापरतात, पण ती निव्वळ स्टार्चची. पाण्याने सुटते म्हणून त्यांना ती आवडते. मैद्यात ग्लुटेनही असतं, आणि घरची खळ म्हणजे कसरीला मेजवानी. कोकणात तर नकोच.

---

तिसरी_ब

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावते. सगळ्यांनाच इतकं काटेकोर असायची गरज नाही. सुट्टीत मुलांना ‘माझे गाव’, ‘पाळीव प्राणी’ असं स्क्रॅपबुक करायला दिलेलं असतं. ते वर्षभर टिकलं तरी पुष्कळ. पालक त्यासाठी महागडी किट आणतात आणि मग ती वाया जाऊ नयेत म्हणून स्वतःच करत बसतात. रंगीत पानांचं साधं स्क्रॅपबुक, घोटीव कागद, बोथट टोकाची कात्री आणि गोंदाची कांडी, बस्स. चित्रं मासिकांतली, जाहिरातींतली. मुलाच्या हाताने वेडंवाकडं कापलेलं मांजर मला छापील स्टिकरपेक्षा शंभरपट आवडतं, हे अगदी मनापासून सांगते.

एकच विनंती: मुलाच्या स्क्रॅपबुकात कुटुंबाचा एकुलता एक जुना फोटो चिकटवायला देऊ नका. प्रत काढून द्या.

---

रानजाई

@तिसरी_ब, पूर्ण अनुमोदन. किती वर्षं टिकायला हवं, हे ठरलं की खर्चाचा निम्मा प्रश्न सुटतो. शेवटची विनंती मोठ्यांनाही लागू. मूळ फोटो पाकिटात ठेवावा, अल्बममध्ये प्रत लावावी.

---

अणुरेणू

रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून प्लास्टिकबद्दल लिहितो, कारण सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं. पीव्हीसीची पाकिटं टाळा. मऊपणासाठी घातलेली रसायनं हळूहळू बाहेर येतात, पाकीट चिकट होतं आणि फोटोचा पृष्ठभाग त्याला धरून बसतो. झेरॉक्सची काळी अक्षरंसुद्धा पीव्हीसीवर उमटतात, जुन्या फाइलींत पाहिलं असेल. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन आणि पॉलिएस्टर ही तीन प्लास्टिकं सुरक्षित.

दुकानदाराला विचारलं तर तो ‘चांगल्यातलं आहे’ म्हणतो. घरी अशी परीक्षा करा: पाकिटाचा नखाएवढा तुकडा कापा, वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा बोटाने पार बुडवून सोडा. साबण यासाठी की तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटून राहू नयेत. तरंगत वर आला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन, कारण दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. तळाशी गेला तर पीव्हीसीची शक्यता धरा. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते कडक आणि काचेसारखं स्वच्छ असतं, मऊ आणि लवचीक नसतं. नाकही कामाला येतं. नव्या रेनकोटला येतो तसा वास आला की ते पाकीट परत ठेवा.

म्हणून आधी एकच पाकीट आणावं, तपासावं आणि मग शंभराचा गठ्ठा घ्यावा.

---

कैरीचं_पन्हं

आत्ताच केलं! ऑफिसच्या शीट प्रोटेक्टरचा (फाइलीत लावायच्या पारदर्शक पाकिटाचा) तुकडा तरंगला. लग्नाच्या वेळी स्टुडिओने दिलेल्या अल्बमच्या पाकिटाचा मात्र सरळ तळाला. आणि त्यातले दोन फोटो खरंच आतून चिकटलेत. आता काय करू?

---

अणुरेणू

ओढू नका. आधी पाकिटासकट स्कॅन करून घ्या किंवा आडव्या उजेडात नीट फोटो काढून ठेवा, म्हणजे काही झालं तरी प्रतिमा हातात राहील. बाकीचे, न चिकटलेले, आजच बाहेर काढा. चिकटलेले दोन फोटो सोडवणं जाणकाराचं काम.

चिकट पट्ट्यांची पानं आणि वर प्लास्टिकचा पडदा असे ‘मॅग्नेटिक’ अल्बम कुणाकडे असतील तर तिथे वेगळी युक्ती चालते. दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हलके हलके सरकवायचा. फोटो वाकवायचा नाही, दोरा फिरवायचा.

---

निशिगंध

धागा वाचला, माहिती मोलाची आहे. पण मला थोडं खटकतंय. सजावट म्हणजे फुकटचा खर्च असा सूर लागतोय का? मला लेस, बटणं, कागदातून आकार कापणारे छोटे पंच यांतच खरा आनंद मिळतो. फोटो नीट टिकवायचा तर साधा अल्बमही पुरतो. स्क्रॅपबुक करायचं ते हाताला काहीतरी सुंदर करायला मिळावं म्हणून.

---

रानजाई

निशिगंध, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मला ते पटतं. सजावट करूच नका असं मला मुळीच म्हणायचं नाही. तिच्यासाठी दुकान हे पहिलं ठिकाण नसावं, एवढंच. शिंप्याकडे चिंध्यांची पिशवी मागा. जुन्या साडीचे काठ, ब्लाउजपीसचे तुकडे, मिठाईच्या खोक्यावरची फीत, पत्रिकेचं जाड पाकीट, यांत जो रंग आणि जी आठवण असते ती पाकीटबंद लेसमध्ये कुठून येणार? आईच्या इरकलीचा बोटभर काठ पानाच्या कडेला लावला तर ते पान आपलं होतं. फक्त जरीचा काठ फोटोला टेकू देऊ नका, मध्ये कागदाची पट्टी ठेवा. खऱ्या जरीत चांदी असते, ती काळी पडते.

पंच आवडत असतील तर एक गोल आणि एक कोपरे गोलसर करणारा घ्या. दोन्ही कायम लागतात. फुलपाखराचा पंच तीन पानांत कंटाळा आणतो. डाय-कटिंग यंत्राचा (साच्याने कागद कापणाऱ्या यंत्राचा) विचार असेल तर आधी त्याच्या साच्यांच्या किमती बघा. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, साचे आयुष्यभर. मैत्रिणींत मिळून घ्या. त्यापेक्षा स्टीलची पट्टी, पाती मोडत जाणारं कटर आणि ए३ची कटिंग मॅट यांवर केलेला खर्च मला जास्त योग्य वाटतो. सरळ कापलेली कड पानाला जो नेटकेपणा देते तो कुठल्याच स्टिकरने येत नाही.

छापील पॅड घेताना क्षेत्रफळ बघा. समजा १२ बाय १२ चं २४ पानांचं पॅड ६०० रुपयांना आणि ६ बाय ६ चं २४ पानांचं २४० ला. दुसरं स्वस्त वाटतं. पण मोठं एक पान भरायला छोटी चार लागतात. म्हणजे २५ रुपयांच्या जागी ४० रुपये. छोटं पॅड ठिगळांपुरतं हवं असेल तरच परवडतं.

---

ओहायोकर

अमेरिकेतून लिहितेय. इथल्या नातेवाइकांकडून सामान मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. इथे लेटर साइझ चालतो, ८.५ बाय ११ इंच. ए४ त्यापेक्षा किंचित अरुंद, पण जवळजवळ १८ मिलिमीटर उंच. इथून आणलेल्या लेटर मापाच्या पाकिटात तुमचा ए४ कागद घातला की डोकं बाहेर राहतं. बहिणीला पाकिटं पाठवायच्या वेळी हे लक्षात आलं म्हणून ए४चीच शोधून काढली.

आणि सेलबद्दल. इथल्या जोॲन या हस्तकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानसाखळीने २०२५ मध्ये सगळी दुकानं बंद केली. शेवटच्या सेलला लोक गाड्या भरभरून सामान नेत होते. माझ्या ओळखीच्या कित्येकींच्या तळघरांत ते अजून खोक्यांत आहे. स्टिकर आणि टेप यांचा गोंद कपाटात पडूनही जुना होतो, शाईची पेनं वाळतात. कागद आणि हत्यारं तेवढी साठवून ठेवता येतात.

---

पेठकर

पुण्यातलं विचारतील म्हणून लिहून ठेवतो. कागद आणि स्टेशनरी अप्पा बळवंत चौकात, लेस-मणी-टिकल्या रविवार पेठेत बोहरी आळीत. बोहरी आळीत बऱ्याच गोष्टी डझनाने किंवा पाकिटाने देतात, तेव्हा दोघी-तिघींनी मिळून जावं आणि वाटून घ्यावं. खास उल्लेख शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा. हातकागद सुती चिंध्यांपासून करतात, त्यात लाकडाचा लगदा नसल्याने लिग्निनचा प्रश्नच येत नाही. पोत इतका सुरेख की वर काही लावावंसंच वाटत नाही. फुलं-पानं घातलेला कागद मुखपृष्ठाला घ्या, फोटोखाली साधाच बरा.

अवांतर: कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्यात एके काळी हातकागद बनायचा, नाव तिथूनच आलं. आपल्या शहरात कागदाला एवढा जुना वारसा असताना पिशव्या भरून परदेशी पॅडं आणतात, याचं मला वाईट वाटतं.

---

सुरंगी

रानजाई, एसटीच्या तिकिटांचं काय करायचं? माझ्याकडे प्रवासाची सगळी तिकिटं जपून ठेवलेली आहेत. मशीनची आहेत ती फिकट व्हायला लागलीत. आणि शाई कुठली?

---

रानजाई

मशीनची तिकिटं थर्मल कागदाची असतात. त्यांवर शाई नसतेच, उष्णतेने रंग उमटलेला असतो आणि तो उडून जातो. उजेड, ऊब, प्लास्टिक, गोंद, सगळ्याने लवकर उडतो. लॅमिनेट तर अजिबात करू नका, उष्णतेने अख्खं तिकीट काळं होईल. आजच्या आज झेरॉक्स काढा, लेझरच्या प्रतीतली काळी पूड टिकाऊ असते. प्रत पानावर लावा. मूळ तिकीट फोटोंपासून दूर, कागदी पाकिटात. वर्तमानपत्रातल्या कात्रणांनाही हाच नियम. पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं असतं, ते समोरच्या पानावर उतरतं. तिला पॉलिप्रॉपिलीनच्या वेगळ्या पाकिटात घालून मग पानात बसवा.

शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची हवी. मी साकुराचं पिग्मा मायक्रॉन वापरते, ०.५ चं एक पेन पुष्कळ दिवस जातं. हाताशी दुसरं पेन असेल तर त्याच कागदावर एक ओळ लिहा, वाळू द्या, ओल्या कापसाने पुसा. फिसकटली तर ते पेन यादीत नको. दुसरी ओळ खिडकीत ठेवा, अर्धी झाकून. महिन्याभरात दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला तर तेही नको. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, पुढे वळ उठतात. नावं आणि साल पानावरच लिहा. आणि जरूर लिहा! काठ, पंच, पॅड सगळं विसरलात तरी चालेल, पण ‘डावीकडून दुसरी ती माईआत्या, १९७४, वाडा विकायच्या आधीची दिवाळी’ एवढं लिहिलेलं असू द्या. हे आपल्या मागे कुणालाही सांगता येणार नाही.

---

कैरीचं_पन्हं

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे असे कितीतरी फोटो आहेत ज्यांतली माणसं आता फक्त सासूबाईंना ओळखू येतात. आज संध्याकाळीच त्यांच्यासोबत बसते.

मुंबईत कुठे जाऊ? रविवारी क्रॉफर्ड मार्केटला जायचा विचार होता.

---

गिरगाव_चौपाटी

रविवारी नको, तिकडची बरीच घाऊक दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी जा. मंडईच्या जवळच अब्दुल रेहमान स्ट्रीट, तिथे कागद, कार्डशीट, डबल टेप, फाइली सगळं घाऊक मिळतं. लेस पाहिजे असेल तर तिथून भुलेश्वर चालत जाण्यासारखं आहे. कागद मात्र शेवटी घ्या, गर्दीत कोपरे दुमडतात. दोन जाड पुठ्ठे आणि रबरं घरून घेऊन जा, कागद मधे घालून आणता येईल.

---

कैरीचं_पन्हं

शनिवार ठरला. सासूबाईही येतो म्हणतात. यादी: ए४ कार्डशीट २२० जीएसएम मोतिया १३, कोपऱ्यांसाठी पांढरा कागद २, डबल टेप १, पेन १, शीट प्रोटेक्टर आधी एकच.

---

अणुरेणू

प्रोटेक्टर दोन-तीन वेगवेगळ्या दुकानांतून एकेक आणा आणि निकाल इथे टाका.